उपवासकाळात श्रद्धेबद्दल बोलायचं कसं, आणि थांबायचं कुठे?

कॅथलिक चर्चचा ईस्टरआधीचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि पवित्र गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सेपाशी, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेपाशी, संपतो. एरवी आपल्या धर्माबद्दल कुणी फारसं विचारत नाही. या दिवसांत मात्र कपाळावरची राख दिसते, शुक्रवारचा डबा वेगळा असतो, संध्याकाळी कुठे जाता म्हणून चौकशी होते. यंदा आलेली बरीचशी पत्रं याच चौकश्यांबद्दलची आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : राखेच्या बुधवारी सकाळची मिस्सा करून मी तसाच कामावर जातो. सहकारी विचारतात, "कपाळाला काय लागलंय?" नेमकं काय सांगावं कळत नाही. शिवाय त्याच दिवशीच्या शुभवर्तमानात "उपवास करताना तोंड धू" असं येशू सांगतो. मग राख पुसावी की ठेवावी?

उत्तर : राख पुसावी किंवा ठेवावी असा चर्चचा कुठलाही नियम नाही. तुम्ही म्हणता तो उतारा मत्तयच्या सहाव्या अध्यायातला. दान, प्रार्थना आणि उपवास लोकांना दिसावेत म्हणून करू नका, असं तिथे सांगितलं आहे. तेव्हा कसोटी हेतूची. लोकांनी पाहावं म्हणून ठेवावीशी वाटत असेल तर पुसा. लाज वाटते म्हणून पुसावीशी वाटत असेल तर राहू द्या. दोन्हींपैकी काहीच नसेल तर राखेचा विचार सोडून कामाला लागा.

उत्तर दोन वाक्यांचं असावं. उदाहरणार्थ : "आजपासून आमचा उपवासकाळ सुरू झाला, ईस्टरची तयारी. ही राख म्हणजे मी मातीचा आहे आणि मातीलाच मिळणार, याची आठवण." एवढं बोलून थांबा. राख लावताना धर्मगुरू जी दोनपैकी एक वाक्यं म्हणतात, त्यातलंच एक तुम्ही सांगितलेलं असतं. ते उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातून येतं. दुसरं वाक्य "पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा", हे मार्कच्या पहिल्या अध्यायातलं. राख आणतात कुठून, असं कुणी विचारलंच तर तेही सांगा : गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ती करतात. हा तपशील लोकांना आवडतो आणि पुढचा प्रश्न बहुधा त्यातूनच निघतो.

इथे चूक होते ती एकच. समोरच्याने एक प्रश्न विचारलेला असतो आणि आपण आदामापासून पुनरुत्थानापर्यंत पोचतो. तो मान डोलावतो खरा, पण पुढच्या वर्षी विचारत नाही.

प्रश्न : शेजारची मैत्रीण ख्रिस्ती नाही. "एकदा तुझ्याबरोबर चर्चमध्ये यायचंय," असं ती म्हणाली. कुठल्या दिवशी न्यावं? आणि कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्तशरीर म्हणून भाकर घेण्याच्या, वेळी काय करायचं?

उत्तर : आमचं मत विचाराल तर पहिल्या भेटीला रविवारच्या मिस्सेपेक्षा शुक्रवारची क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीची प्रार्थना, बरी. कारणं व्यवहारी आहेत. साधारण अर्ध्या ते पाऊण तासात ती संपते. कथा एकच आणि सरळ : पिलातासमोरच्या शिक्षेपासून कबरीत ठेवण्यापर्यंत चौदा स्थानं. प्रत्येक स्थानापाशी एक छोटं वाचन, एक प्रार्थना, थोडी शांतता. कुणाचीही रांग लागत नाही, त्यामुळे "मी काय करू?" हा अवघड क्षणच येत नाही. मैत्रिणीने नुसतं बाकावर बसून ऐकलं तरी चालतं.

जाण्याआधी पाच मिनिटं काढून तिला एवढं सांगून ठेवा : मधे मधे लोक गुडघे टेकतील, तिने टेकायलाच हवेत असं नाही, बसून राहिलेलं चालतं. बसताना कडेची जागा धरा. ती अगदी पुढे नको आणि अगदी मागेही नको. मागे बसलं की समोर काय चाललंय ते दिसत नाही आणि माणूस कंटाळतो. प्रार्थनेचं पुस्तक तिच्या हातात द्या, पण प्रत्येक ओळ बोटाने दाखवत बसू नका.

तिने बायबल वाचलेलं असेल तर ती विचारेल, येशू तीन वेळा पडला हे शुभवर्तमानात कुठे आहे? कुठेच नाही. तीन वेळा पडणं, वाटेत आईची भेट, वेरोनिकेने चेहरा पुसणं, ही स्थानं भक्तिपरंपरेतली आहेत. हे तिला तसंच सांगा, सारवासारव करू नका. फक्त शास्त्रातल्या प्रसंगांची क्रूसाची वाटही आहे. 1991 च्या गुड फ्रायडेला पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोमच्या कलोसियममध्ये ती केली होती. चौदा ही स्थानांची संख्या मात्र पोप क्लेमेंट बारावे यांनी 1731 मध्ये ठरवून दिली.

पुढे ती मिस्सेला आली, तर कम्युनियनबद्दल घरून निघतानाच बोला. रांग सुरू झाल्यावर कानात कुजबुजणं दोघींनाही अवघडवतं. वाक्य साधं ठेवा : "त्या वेळी मी पुढे जाऊन येईन, तू बाकावरच बस. ते आम्ही बाप्तिस्मा घेऊन, तयारी करून मगच घेतो." काही चर्चमध्ये छातीवर हात आडवे ठेवून पुढे गेलं की आशीर्वाद देतात, काही ठिकाणी तशी पद्धत नाही, तुमच्या धर्मगुरूंना आधी विचारून घ्या. राखेचं तसं नाही. तो साक्रामेंत, म्हणजे चर्चचा संस्कार, नव्हे, त्यामुळे बाप्तिस्मा न झालेल्यालाही राख घेता येते. गुड फ्रायडेला क्रूसाचा मान करायला पुढे जाण्यालाही कुणाला आडकाठी नाही. त्या दिवशी मिस्सा नसते, हेही तिला सांगा. नाहीतर आदल्या दिवशी अर्पण झालेलं ख्रिस्तशरीर वाटताना पाहून तिचा गोंधळ होईल. आणि अंदाज द्या की योहानाच्या शुभवर्तमानातला दुःखसहनाचा पूर्ण वृत्तांत वाचला जातो, वेळ लागतो.

प्रश्न : शुक्रवारी मांस वर्ज्य आणि मासे चालतात, यावर ऑफिसात दरवर्षी चेष्टा होते. काय उत्तर द्यावं? आणि कुणी शुक्रवारी जेवायला बोलावलं तर?

उत्तर : चेष्टा करणाऱ्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. महागातले मासे चापून खाल्ले तर नियम पाळला जातो, त्यागाचा मात्र पत्ता नसतो. हे आपणहून कबूल करा. वाद तिथेच संपतो. मग सांगा की येशू शुक्रवारी मेला म्हणून त्या दिवशी एक गोष्ट सोडायची, आणि नियमाने ती मांस ही ठरवली आहे. मासे, अंडी, दूध यांवर बंदी नाही.

नियम स्वतःला नीट ठाऊक असावेत, कारण घरातली मुलं आणि बाहेरचे लोक नेमकं तेच विचारतात. मांस वर्ज्य करणं वयाची 14 वर्षं पूर्ण झालेल्या सर्वांना लागू. उपवास दोनच दिवस बंधनकारक, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, आणि तो 18 पूर्ण झाल्यापासून 59 वा वाढदिवस येईपर्यंत. उपवास म्हणजे दिवसात एक पूर्ण जेवण आणि सकाळ-संध्याकाळ थोडंसं खाणं. आजारी माणसाने, गरोदर किंवा बाळाला पाजणाऱ्या बाईने स्वतःला ताण देऊ नये. बिशप मंडळं आपल्या देशापुरते यात बदल करू शकतात, म्हणून स्थानिक सूचना पाहाव्यात. 19 मार्चचा संत जोसेफचा किंवा 25 मार्चचा देवदूताच्या संदेशाचा सोहळा शुक्रवारी आला, तर त्या दिवशी मांस वर्ज्य नसतं.

आमंत्रण आलं की लगेच सांगा, "शुक्रवारी मी मांस खात नाही, बाकी काहीही चालेल." आधी सांगितलं तर यजमानाची पंचाईत होत नाही. ताटात वाढून झाल्यावर सांगितलं तर त्याची फजिती आणि तुमच्या धार्मिकतेचं प्रदर्शन, दोन्ही एकदम होतात.

प्रश्न : चाळीस दिवसांचा काळ म्हणतात, पण कॅलेंडरवर मोजले तर 46 भरतात. नातवाला काय सांगू?

उत्तर : काळ विधीने गुरुवारी संपत असला तरी चाळीसची मोजणी ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत धरतात. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत 46 दिवस होतात, त्यातले सहा रविवार वजा केले की 40. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून तो उपवासात धरत नाहीत. नातू पुढे विचारेल, "मग सोडलेलं चॉकलेट रविवारी खाऊ?" तो नेम त्याचा त्याने धरलेला आहे, चर्चने लावलेला नाही. त्यालाच ठरवू द्या.

प्रश्न : माझी दोन्ही मुलं मोठी झाली, नोकरीला लागली आणि चर्च सुटलं. उपवासकाळ आला की माझा जीव तुटतो. बोलले तर भांडण होतं, न बोलले तर मन खातं. काय करू?

उत्तर : पहिलं म्हणजे "अजून कन्फेशनला गेला नाहीस?" हे वाक्य (कन्फेशन म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) या वर्षीपुरतं तरी बंद करा. मुलांना त्याचं उत्तर पाठ झालेलं असतं.

संत मोनिकेला आपल्या मुलाची, पुढे स्वतः संत झालेल्या ऑगस्टिनची, अशीच काळजी होती. त्याच्याशी वाद घालून त्याला वळणावर आणा, म्हणून ती एका बिशपांच्या मागे लागली. त्या बिशपांनी चक्क नकार दिला. तो आत्ता ऐकायच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू दे, फक्त त्याच्यासाठी प्रार्थना कर, असं त्यांनी सांगितलं. ती तरी रडत राहिली तेव्हा ते जरा वैतागलेच, हा भाग लोक सहसा सांगत नाहीत. ऑगस्टिनचा बाप्तिस्मा 387 च्या ईस्टरला मिलानमध्ये झाला, संत अँब्रोज यांच्या हातून. मधे बरीच वर्षं गेली होती.

आता करण्यासारखं. पूर्ण उपवासकाळात मुलांना एकदाच बोलवा, आणि ठरावीक गोष्टीला बोलवा. "चर्चला येत जा" याला होय म्हणणं कठीण असतं. "पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी आहे, सातला, माझ्याबरोबर येशील? नंतर जेवायला घरीच," याला होय किंवा नाही म्हणता येतं. नाही म्हणाला तर "बरं" म्हणा आणि जेवायला तरीही बोलवा. जेवण हे बक्षीस आहे असं मुलाला वाटता कामा नये.

दुसरं, मूल का दुरावलं हे विचारा आणि उत्तर मधे न तोडता ऐका. कंटाळा, सवय मोडणं, एखाद्या धर्मगुरूंनी किंवा शिक्षकांनी दुखावलेलं असणं, चर्चच्या एखाद्या शिकवणुकीशी न पटणं, ही चार कारणं वेगवेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. दुखावलेल्या माणसाला शिकवण समजावून सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. अनेकदा कारण लग्नाचं निघतं : लग्न चर्चबाहेर झालेलं असतं किंवा घटस्फोटानंतर दुसरं झालेलं असतं, आणि आपल्याला चर्चमधून काढून टाकलं आहे असं मूल धरून चालतं. हा गैरसमज आहे. घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलेल्या माणसाला चर्चने बहिष्कृत केलेलं नाही, हे पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये स्पष्ट लिहिलं. मिस्सेला येणं, प्रार्थना, मुलांचं धर्मशिक्षण, सगळं खुलं आहे. कम्युनियनचा प्रश्न त्यांनी स्वतः धर्मगुरूंशी बसून बोलावा. घरात त्याचा निकाल लावू नये.

एखाद्या दिवशी मूल स्वतःहून म्हणालं, "कन्फेशनला जावंसं वाटतं, पण कसं करतात तेच विसरलो," तर घाईघाईत रविवारच्या मिस्सेआधीच्या रांगेत उभं करू नका. मागे दहा माणसं ताटकळत असताना दहा वर्षांचं सांगणं होत नाही. धर्मगुरूंकडून वेगळी वेळ घ्या, आणि ती मुलानेच मागितलेली बरी. आत गेल्यावर क्रूसाची खूण करायची, शेवटचं कन्फेशन साधारण कधी झालं ते सांगायचं, आणि "मला पद्धत आठवत नाही, मदत करा" एवढं म्हणायचं. पुढचं धर्मगुरू विचारत नेतात. गंभीर पापं कुठली आणि आठवतं तितपत किती वेळा, एवढं सांगावं लागतं. रंगवून सांगायची गरज नाही. मग ते प्रायश्चित्त देतात, पश्चात्तापाची प्रार्थना होते आणि पापक्षमा मिळते. प्रार्थना पाठ नसेल तर स्वतःच्या शब्दांत चालते. चेहरा दाखवायचा नसेल तर जाळीआडून बोलता येतं. ऐकलेलं फोडणाऱ्या धर्मगुरूला थेट बहिष्काराची शिक्षा आहे, हे मुलाला जरूर सांगा. संकोचाचं मोठं कारण तेच असतं.

आणि बाहेर आल्यावर "काय सांगितलंस?" असं गमतीतसुद्धा विचारू नका.

प्रश्न : मुलगा आणि सून नातीचा बाप्तिस्मा करत नाहीत. मी घरीच पाणी ओतून केला तर?

उत्तर : करू नका. बाळाच्या बाप्तिस्म्याला आई-वडिलांपैकी निदान एकाची संमती लागते, आणि मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशाही लागते. अपवाद फक्त जिवाला धोका असेल तेव्हाचा. चोरून दिलेला बाप्तिस्मा पुसता येत नाही, नोंदवहीत धड लिहिता येत नाही, आणि मुलाला कळलं की तुमच्या हाती नात देणं तो बंद करील. नातीला क्रूसाची खूण शिकवायची असेल तर तेही आई-वडिलांना विचारून.

प्रश्न : आमचा गट उपवासकाळात गरजूंना धान्य वाटतो. पिशवीत प्रार्थनेचं पत्रक घालावं, असं काहींचं म्हणणं आहे. घालावं का?

उत्तर : नाही. धान्य घेणाऱ्याला पत्रक नाकारता येत नाही, गोची तिथेच आहे. भुकेला माणूस "नको" म्हणू शकत नाही, आणि ज्याला नकार देता येत नाही त्याच्या होकाराला काही किंमत नसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1965 मध्ये मिशनकार्यावरच्या दस्तऐवजात अगदी स्पष्ट सांगितलं : कुणावरही श्रद्धेची सक्ती करायची नाही, आणि अयोग्य क्लृप्त्यांनी ओढायचंही नाही. त्याच वर्षी धर्मस्वातंत्र्यावरचं वेगळं घोषणापत्र निघालं.

मदत कोण करतंय हे मात्र लपवायचं कारण नाही. पिशवीवर धर्मग्रामाचं, म्हणजे आपल्या स्थानिक चर्चचं, नाव असू द्या. कुणी विचारलं, "तुम्ही हे का करता?" तर खरं कारण सांगा. पेत्राच्या पहिल्या पत्रातला सल्ला हाच आहे : तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने आणि आदराने. यादी करताना धर्माचा रकाना ठेवू नका. तो रकाना असला की कुणाला आधी द्यायचं याचा हिशेब मनात सुरू होतोच.

प्रश्न : मी रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर सगळ्यांना वचन आणि चित्र पाठवते. चालेल ना?

उत्तर : ज्यांनी मागितलं त्यांना पाठवा. बाकीच्यांनी बहुधा तुम्हाला म्यूट केलं आहे. त्याऐवजी एखाद्या आजारी ओळखीच्या माणसाला, "आज मिस्सेत तुमच्यासाठी प्रार्थना केली, तब्येत कशी आहे?" एवढं स्वतः टाइप करून पाठवा. तेही खरंच प्रार्थना केली असेल तर.

प्रश्न : माझा एक मित्र दीड महिना माझ्याबरोबर चर्चला येतोय. आता म्हणतो, "मला कॅथलिक व्हायचंय, याच ईस्टरला." शक्य आहे का?

उत्तर : त्याचा बाप्तिस्मा झालेला नसेल तर याच ईस्टरला होणं जवळपास अशक्य, आणि ते बरंच आहे. प्रौढांच्या दीक्षेचा विधी 1972 मध्ये नव्याने आखला गेला, त्यात टप्पे आहेत. आधी नुसती विचारपूस, मग उमेदवार म्हणून चर्चमध्ये स्वागत, मग बऱ्याच महिन्यांचं शिक्षण आणि मिस्सेतला सहभाग. उपवासकाळ हा त्या तयारीचा शेवटचा टप्पा. पहिल्या रविवारी, साधारणपणे बिशपांसमोर, निवडीचा विधी होतो. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी उमेदवारांसाठी खास प्रार्थना होतात. त्या वेळची शुभवर्तमानं योहानाची : विहिरीवरची शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस आणि लाजर. बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्मा पक्का करणारा संस्कार) आणि पहिलं कम्युनियन ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणात एकत्र होतात. म्हणजे या वर्षी ईस्टरला पोचणारी माणसं केव्हाच निघालेली आहेत.

मित्राला हे सांगताना "अजून वर्ष लागेल" असं तोंड पाडून सांगू नका. यंदा त्याला त्या जागरणाला न्या, दुसऱ्याचा बाप्तिस्मा कसा होतो ते पाहू द्या. ही उपासना लांबते. जुन्या करारातली सातपर्यंत वाचनं असू शकतात, आधी खाऊन या.

दुसऱ्या एखाद्या पंथात त्याचा बाप्तिस्मा आधीच झाला असेल, तर हिशेब वेगळा. पाणी वापरून, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं. तो पुन्हा देत नाहीत. त्याने श्रद्धेची कबुली द्यायची, दृढीकरण आणि कम्युनियन घ्यायचं. ही वाट जवळची असू शकते. त्याला जुन्या बाप्तिस्म्याचा दाखला शोधायला आत्ताच सांगा, कारण तो मिळवण्यातच अनेकदा महिने जातात.

एक गोष्ट धर्मगुरूंशी पहिल्याच भेटीत काढायला सांगा : त्याचं किंवा त्याच्या बायकोचं आधी लग्न झालं होतं का? तसं असेल तर चर्चच्या न्यायमंडळाकडे प्रकरण जाऊ शकतं आणि त्याला आपला वेळ लागतो. वर्षभर शिकून, कपडे शिवून झाल्यावर शेवटच्या आठवड्यात हे निघालं, तर माणूस मोडतो.

तो तुम्हालाच धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याला त्याच्या सोबत उभा राहणारा, व्हा म्हणेल. तुमचं वय 16 पूर्ण हवं, तुम्ही कॅथलिक असून दृढीकरण आणि कम्युनियन घेतलेलं हवं, आणि तुमचं जगणं त्या जबाबदारीला साजेसं हवं. त्याचे आई-वडील धर्मपालक होऊ शकत नाहीत. होकार देण्याआधी तुमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयातून दृढीकरणाचा दाखला काढून ठेवा. बहुतेक ठिकाणी तो मागतात.